पडद्यावर ओळी कशा आणायच्या? ऐकू कमी येणाऱ्या सखीसाठी एक पाठ



मागच्या पाठात आपण साधन केंद्राच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हमधली फाइल उघडायला आणि व्हिडिओ लावायला शिकलो. आजचा पाठ त्याच्या पुढचा आहे. व्हिडिओत जे बोललं जातं, ते पडद्याच्या खालच्या बाजूला लिहिलेलं कसं दाखवायचं, हे आज शिकू. आधी हा पाठ का घ्यावा लागला ते सांगते. त्यात माझी स्वतःची चूक आहे.

आमच्या प्रभागातल्या एका गटात एक काकू आहेत. साठी ओलांडलेल्या. बारा वर्षांपासून गटात आहेत, एकही हप्ता चुकलेला नाही. सातवी शिकलेल्या, पेपर हातात आला की शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या. त्यांच्याकडे चार शेळ्या होत्या, चारींचा विमा काढलेला. पावसाळ्याआधी साधन केंद्रात शेळी विम्याचं प्रशिक्षण झालं. वीस मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. काकू तिसऱ्या रांगेत बसल्या, शेवटपर्यंत पडद्याकडे बघत होत्या. हजेरीपटावर त्यांची सही आहे, आणि खाली माझी.

दोन महिन्यांनी काकूंची गाभण शेळी रात्रीत मेली. सकाळी त्यांनी ती बांधाजवळ पुरून टाकली, कानातल्या बिल्ल्यासकट. चार दिवसांनी दाव्याचं विचारायला आल्या तेव्हा हातात ना बिल्ला, ना फोटो, ना शवविच्छेदनाचा दाखला. दावा नामंजूर झाला. मी म्हटलं, "काकू, व्हिडिओत सांगितलं होतं ना, शेळी मेली की आधी कळवायचं, बिल्ला जपून ठेवायचा?"

काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, पडद्यावरच्या बाईचे ओठ हललेले दिसतात गं मला. काय बोलते ते तीन वर्षं झाली, ऐकू येत नाही."

तीन वर्षं! या तीन वर्षांत त्यांनी किती प्रशिक्षणं केली, किती ठरावांवर सह्या केल्या, मोजा. सांगितलं नाही, कारण कोषाध्यक्षपद जाईल अशी भीती. आणि ती भीती खोटी नव्हती. "काकूंना आता काही उमजत नाही, नवी सभासद घेऊ" असं गटात दोघी-तिघी बोलल्याही होत्या. काकूंना सगळं उमजत होतं. फक्त आपण जे सांगत होतो ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

हे काही नवीन नाही

पडद्यावर ओळी दाखवण्याची पद्धत आपल्या जन्माच्या आधीपासूनची आहे, आणि गंमत म्हणजे टीव्हीवर तिची सुरुवात स्वयंपाकातून झाली. १९७२ साली अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड नावाच्या बाईंचा 'द फ्रेंच शेफ' हा पाककृतींचा कार्यक्रम टीव्हीवर ओळींसकट दाखवला गेला. ऐकू न येणाऱ्या लोकांना घरात बसून पाककृती समजली. तेव्हा त्या ओळी सगळ्यांनाच दिसायच्या. १९८० पासून ज्याला हव्यात त्यालाच दिसतील अशी सोय झाली. त्यासाठी टीव्हीला वेगळा डबा जोडावा लागायचा. पुढे तिथे १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९३ पासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या नव्या टीव्हीतच ती सोय आली.

आपल्या देशातही एक काम झालंय. १९९६ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी कल्पना मांडली की टीव्हीवर गाणं ज्या भाषेत चालू आहे, त्याच भाषेत ते खाली लिहून दाखवावं. पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदी ओळी येऊ लागल्या. हेतू होता वाचनाचा. ज्यांना अक्षरं येतात पण भरभर वाचता येत नाही, त्यांचे डोळे गाणं ऐकता ऐकता ओळीवरून फिरतात आणि वाचन सुधारतं. आपल्या गटांत अशा किती जणी आहेत, ते तुम्हीच आठवा.

आणि हक्काचं म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती आणि प्रसारमाध्यमं दिव्यांगांपर्यंत पोचावीत म्हणून खुणांची भाषा, वर्णन आणि पडद्यावरच्या ओळी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे काकूंसाठी ओळी लावणं हे उपकार नाहीत.

आधी शब्द समजून घेऊ

या ओळींना दोन नावं आहेत. सबटायटल आणि क्लोज्ड कॅप्शन. दोन्ही दिसायला सारख्याच, पण फरक आहे.

सबटायटलमध्ये फक्त बोलणं लिहिलेलं असतं. ते बनवणारा असं धरून चालतो की बघणाऱ्याला आवाज ऐकू येतोय, फक्त भाषा कळत नाही. कॅप्शन बनवणारा असं धरतो की बघणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. म्हणून कॅप्शनमध्ये कोण बोलतंय तेही लिहितात, आणि आवाजही लिहितात. जसं, [शेळी ओरडते], [दार वाजतं], [टाळ्या]. 'क्लोज्ड' म्हणजे चालू-बंद करता येणारं. चित्रातच छापून टाकलेल्या ओळींना 'ओपन' म्हणतात, त्या बंद करता येत नाहीत.

प्लेअरमध्ये मात्र दोन्हींची सोय एकाच ठिकाणी, 'सबटायटल' या नावाखाली मिळते. म्हणून 'कॅप्शन' हा शब्द शोधत बसू नका.

कोणता प्लेअर घ्यायचा?

लॅपटॉपसोबत आलेला प्लेअर व्हिडिओ दाखवतो, पण ओळींच्या बाबतीत त्यात फार काही बदलता येत नाही. त्यापेक्षा मुक्त स्रोत प्लेअर घ्या. मुक्त स्रोत म्हणजे काय? आपला एखादा गट मसाला विकतो, पण कृती सांगत नाही. समजा दुसरा गट पाकिटावर कृतीसुद्धा छापतो आणि म्हणतो, करून बघा, सुधारा, वाटा. तसं हे सॉफ्टवेअर. त्याची कृती सगळ्यांसाठी खुली, वापरायला पैसे नाहीत, मुदत संपत नाही, कितीही लॅपटॉपवर टाका.

असे तीन प्लेअर लक्षात ठेवा.

१. व्हीएलसी. नारिंगी-पांढऱ्या रस्त्यावरच्या शंकूचं चित्र असलेला. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं आणि २००१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. विंडोजवरही चालतो, लिनक्सवरही. आपण हाच शिकणार आहोत.

२. एसएमप्लेअर. यातही वर 'सबटायटल्स' नावाचा मेनू आहे, तिथून ओळींची फाइल उघडता येते.

३. एमपीव्ही. हलका आहे, जुन्या लॅपटॉपलाही पेलतो, पण त्यात मेनू फारसे नाहीत, बटणांवर काम चालतं. कीबोर्डवरचं जे दाबलं की ओळींचा पुढचा पर्याय येतो, व्ही दाबलं की ओळी दिसतात किंवा लपतात. ओळींची फाइल माउसने ओढून खिडकीवर सोडली तरी लागते.

व्हीएलसी घेताना एक सावधगिरी बाळगा. व्हिडिओलॅन डॉट ओआरजी या त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. इतर ठिकाणी त्याच नावाने भलतंच काही मिळू शकतं. पैसे मागितले, तर तुम्ही चुकीच्या जागी आहात असं समजा.

व्हिडिओत ओळी आहेत का, कसं ओळखायचं?

प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी हे करून बघा. सगळ्या बसल्यावर सुरू करू नका.

१. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ लावा.
२. वरच्या पट्टीत 'सबटायटल' या शब्दावर क्लिक करा.
३. खाली 'सब ट्रॅक' दिसेल. तो फिकट राखाडी असेल आणि दाबला जात नसेल, तर व्हिडिओत ओळी नाहीत.
४. 'सब ट्रॅक' दाबला गेला, तर आत 'डिसेबल' आणि त्याच्या खाली एक-दोन नावं दिसतील. 'ट्रॅक १' किंवा भाषेचं नाव किंवा 'क्लोज्ड कॅप्शन्स १'. त्यावर क्लिक करा. ओळी येतील.
५. घाई असेल तर कीबोर्डवरचं व्ही दाबा. दर वेळी पुढचा पर्याय येतो.

पेन ड्राइव्हमध्ये व्हिडिओशेजारी त्याच नावाची आणखी एक छोटी फाइल आहे का तेही बघा. तिच्या नावाच्या शेवटी 'एसआरटी' असतं. ती म्हणजे ओळींची फाइल. दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये आणि एकाच नावाच्या असल्या की व्हीएलसी ओळी आपोआप उचलतो. नाव वेगळं असेल तर 'सबटायटल' मेनूत 'ॲड सबटायटल फाइल' दाबा आणि ती फाइल निवडा.

इथेच आमची गफलत व्हायची. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवायचा, तो यायचा, पण शेजारची छोटी फाइल कुणी पाठवायचंच नाही, कारण आम्ही मागायचोच नाही. आता प्रशिक्षक ताई-दादांना पहिला प्रश्न हाच विचारा: "याची एसआरटी फाइल आहे का?" विचारायला पैसे पडत नाहीत. चार वेळा विचारलं की पाचव्या वेळी ते स्वतःच घेऊन येतात.

ओळी नसतील तर स्वतः लिहू

हे ऐकून घाबरू नका. एसआरटी फाइल म्हणजे साधी वहीच. तिच्यात एकेका ओळीसाठी तीन गोष्टी असतात: क्रमांक, कधी दिसायचं आणि कधी जायचं ती वेळ, आणि मजकूर. मग एक ओळ कोरी सोडायची. असं:

१
००:००:०५,००० --> ००:००:०९,०००
शेळी मेली तर त्याच दिवशी
विमा कंपनीला फोन करा.

२
००:००:१०,००० --> ००:००:१४,०००
डॉक्टर येईपर्यंत
शेळी पुरू नका.

वेळ लिहिताना आधी तास, मग मिनिटं, मग सेकंद, स्वल्पविरामानंतर सेकंदाचा हजारावा भाग. वरची पहिली ओळ पाचव्या सेकंदाला येते आणि नवव्याला जाते. लक्षात ठेवा, इथे आम्ही आकडे मराठीत छापलेत, पण फाइलमध्ये क्रमांक आणि वेळ इंग्रजी आकड्यांतच टाईप करायची, नाहीतर प्लेअरला कळत नाही. मधला बाण दोन आडव्या रेघा आणि एक 'मोठा आहे'चं चिन्ह जोडून होतो. मजकूर मराठीतच लिहायचा.

आता पायऱ्या.

१. नोटपॅड उघडा. व्हिडिओ थोडा चालवा, थांबवा, ऐकलेलं लिहा. एकीने ऐकून सांगायचं, दुसरीने टाईप करायचं. मराठी टाईप जमत नसेल तर फोनवर बोलून लिहून घ्या आणि मजकूर लॅपटॉपवर आणा. पण ते तसंच वापरू नका, एकदा तपासा. यंत्र 'बिल्ला'चं 'बिल' करतं.

२. फाइल साठवताना 'सेव्ह ॲज' दाबा. 'सेव्ह ॲज टाईप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडा. 'एनकोडिंग'मध्ये 'यूटीएफ-८' निवडा. नाव व्हिडिओचंच द्या आणि शेवटी टिंब देऊन एसआरटी ही इंग्रजी अक्षरं जोडा. 'ऑल फाइल्स' निवडायला विसरलात तर शेवटी 'टीएक्सटी' चिकटतं आणि ओळी काही येत नाहीत. आमची पहिली दुपार यातच गेली.

३. दोन्ही फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा आणि व्हिडिओ लावून बघा.

वेळ मोजून टाईप करायचा कंटाळा येत असेल, तर 'सबटायटल एडिट' नावाचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात व्हिडिओ समोर चालतो आणि वेळ तेच भरतं. एखादी शिकलेली लेक किंवा सून घरात असेल तर तिच्या हाती द्या. आठ मिनिटांच्या पहिल्या व्हिडिओला आम्हाला दोन दुपारी लागल्या. तिसऱ्याला एक दुपार पुरली.

ओळ कशी असावी?

एका वेळी दोनच ओळी. एका ओळीत पाच-सहा शब्द, त्याहून जास्त नाहीत. आपल्या सख्या अक्षर लावत वाचतात, त्यामुळे लहान ओळही तीन-चार सेकंद राहू द्या. बोलणारी व्यक्ती बदलली की तिचं काम लिहा: 'डॉक्टर:', 'पशुसखी:'. तारीख, रक्कम, औषधाचं प्रमाण हे अक्षरांत न लिहिता आकड्यांत लिहा, डोळा तिथे लगेच थांबतो. शब्द जसा बोलला तसाच लिहा. व्हिडिओत 'शेरडं' म्हटलं असेल तर ओळीतही 'शेरडं'च. ज्यांना थोडं ऐकू येतं त्या कान आणि डोळा दोन्ही जुळवत असतात, शब्द बदलला की त्यांचा गोंधळ होतो.

तीन अडचणी, तीन उपाय

अक्षरांच्या जागी चौकोन किंवा विचित्र खुणा दिसतात. कंट्रोल आणि पी एकत्र दाबा, सेटिंग उघडेल. वर 'सबटायटल्स/ओएसडी' निवडा. 'डीफॉल्ट एनकोडिंग'मध्ये 'यूटीएफ-८' करा. 'फॉन्ट'मध्ये मराठी अक्षरं असलेला फॉन्ट निवडा. विंडोजवर 'निर्मला यूआय' किंवा 'मंगल', लिनक्सवर 'लोहित देवनागरी'. 'सेव्ह' दाबा, व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा.

ओळी बारीक दिसतात, मागच्या रांगेत वाचता येत नाहीत. त्याच ठिकाणी 'फॉन्ट साइज' मोठा करा. 'ॲड अ बॅकग्राउंड'वर बरोबरची खूण करा, म्हणजे अक्षरांमागे काळी पट्टी येते. दिवसा खोलीत उजेड असला तरी ओळ वाचता येते.

ओळ आधी येते, बोलणं नंतर. किंवा उलटं. ओळ आधी येत असेल तर कीबोर्डवरचं एच दाबा, ओळ मागे जाते. ओळ उशिरा येत असेल तर जी दाबा. एका दाबाला सेकंदाचा विसावा भाग सरकतो, म्हणजे वीस वेळा दाबलं की एक सेकंद. पडद्यावर आकडा दिसतो, तो कागदावर टिपून ठेवा. पुढच्या गावात पुन्हा लागेल.

ओळी लावल्या म्हणजे काम संपलं असं नाही

काही गोष्टी लॅपटॉपच्या बाहेरच्या आहेत.

ज्या सखीला वाचताच येत नाही, तिला ओळींचा उपयोग नाही. तिच्या शेजारी वाचून दाखवणारी बसवा. वाचताही येत नाही आणि ऐकूही येत नाही अशी सखी असेल, तर वस्तू हातात देऊन, चित्र दाखवून, करून दाखवून समजवा. बिल्ल्याचं प्रशिक्षण असेल तर खरा बिल्ला हातात द्या.

ऐकू कमी येणाऱ्या सखीला पहिल्या रांगेत बसवा, प्रशिक्षकाचा चेहरा दिसेल अशी. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. तिच्या कानाशी ओरडू नका, त्याने शब्द फाटतात. समोर येऊन, सावकाश बोला.

शेवटी "समजलं का?" असं विचारू नका. मान सगळ्याच हलवतात. "शेळी मेली तर पहिल्यांदा काय कराल?" असं विचारा. उत्तरातून कळतं कुणापर्यंत पोचलं. आम्ही आता हजेरीपटाच्या शेजारी असा एक रकाना ठेवलाय: 'प्रश्नाचं उत्तर दिलं — होय / नाही'. नुसत्या सहीवर मी आता खाली सही करत नाही.

ऐकू कमी येणं म्हातारपणाचं आहे म्हणून सोडून देऊ नका. जिल्हा रुग्णालयात कान तपासून घ्या. कधी कानात नुसता मळ साचलेला असतो. कधी यंत्राने फरक पडतो. बहिरेपण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो आणि त्यावर श्रवणयंत्राची योजनाही आहे. सीआरपी ताईंनी अशा सखीसोबत स्वतः जावं. तिथे नावाचा पुकारा होतो, आणि तो तिला ऐकू येणार नाही.

काकूंचं पुढे काय झालं?

शेळीचे पैसे मिळाले नाहीत, ते मिळणारही नाहीत. पण तोच विम्याचा व्हिडिओ आम्ही ओळी लावून पुन्हा दाखवला. त्या दिवशी पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की कुणालाच धड ऐकू येत नव्हतं. सगळ्या जणी ओळीच वाचत होत्या. ज्या दोघी "काकूंना उमजत नाही" म्हणत होत्या, त्याही.

मध्येच काकूंनी हात वर केला. "थांबव गं." मी थांबवलं. "इथे लिहिलंय बिल्ला काढून ठेवा. कानातून नुसता ओढून काढला तर चालतो का, की डॉक्टरांनी बघितल्यावर काढायचा?" खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "आधी आम्हाला बघू द्या, कानाला हात लावू नका." ते वाक्य आम्ही त्या व्हिडिओच्या ओळींनंतर शेवटी जोडलं.

काकू अजून कोषाध्यक्ष आहेत. गटाने ठराव केलाय की बैठकीत जे ठरेल ते वाचून दाखवण्याआधी प्रोसिडिंगचं पान काकूंसमोर ठेवायचं, त्यांनी वाचल्यावरच सह्या. आणि आमच्या प्रभागात जी नवी एसआरटी फाइल तयार होते, तिचं शेवटचं वाचन काकू करतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आमच्या, त्या पकडायचं काम त्यांचं.

या महिन्याचा गृहपाठ

१. तुमच्या गटात किती जणींना ऐकू कमी येतं? सगळ्यांसमोर विचारू नका. घरी जाऊन, समोर बसून विचारा.

२. साधन केंद्राच्या लॅपटॉपवर व्हीएलसी आहे का बघा. नसेल तर टाकून घ्या. फॉन्ट आणि एनकोडिंग आत्ताच लावून ठेवा.

३. पेन ड्राइव्हमधले सगळे व्हिडिओ एकेक करून लावा, 'सब ट्रॅक' तपासा. वहीत तीन रकाने करा: ओळी आहेत, ओळी नाहीत, एसआरटी मागवायची आहे.

४. ज्यात पैशाचा, औषधाचा किंवा तारखेचा विषय आहे असा एक व्हिडिओ निवडा. पाच मिनिटांचाच घ्या. दोघी-तिघी मिळून त्याच्या ओळी लिहा.

५. पुढच्या मासिक बैठकीत तो आवाज पूर्ण बंद करून दाखवा. मग प्रश्न विचारा. आवाज नसताना ज्या उत्तर देतील, त्यांच्या उत्तरांवरून तुमच्या ओळी किती चांगल्या झाल्या ते कळेल. आणि ती पाच मिनिटं काकूंना तीन वर्षं कसं वाटलं असेल, तेही.

केलेल्या फाइल ग्रामसंघाच्या सचिव ताईंकडे जमा करा, म्हणजे दुसऱ्या गावाला पुन्हा तेच कष्ट पडणार नाहीत. पुढच्या अंकात फोनवरच्या व्हिडिओला ओळी कशा दाखवायच्या ते बघू. तोवर, एक जरी सखी मागच्या रांगेत गप्प बसलेली दिसली, तर तिला पुढे बोलवा.